‘व्यवसाय : ॲस्पिरंट’

बाई, सादर नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. वय २७. २०२१पासून पुण्यात राहून राज्यसेवेचा अभ्यास करते आहे. गेल्या महिन्यात तीन गोष्टी घडल्या आणि तिन्हींत जवळपास एकच शब्द आडवा आला. मामाने माझा बायोडाटा टाइप करून आणला. त्यात ‘व्यवसाय’ या रकान्यापुढे ‘एमपीएससी ॲस्पिरंट’ घातलं होतं. एका स्थळाकडून फोन आला, ‘मुलगी कुठल्या खात्यात आहे?’ आई गप्पच झाली. मग मी एका सामाजिक संस्थेत नोकरीसाठी इंग्रजीत अर्ज केला. त्यात लिहिलं होतं, ‘आय ॲम ॲन एमपीएससी ॲस्पिरंट सिन्स २०२१ अँड आय ॲस्पायर फॉर बिकमिंग ॲन ऑफिसर.’ मुलाखतीत एक सर ते वाचून हसले आणि शेजारच्या मॅडमना म्हणाले, ‘द होल ऑफ सदाशिव पेठ इज ॲस्पायरिंग.’ तिथे रडू आलं नाही, खोलीवर आल्यावर आलं. आणि इकडे मावशी सगळ्यांना सांगत सुटली आहे की पोरगी जरा जास्तच ॲम्बिशस आहे.

ॲस्पिरंट या शब्दाचा नेमका अर्थ काय? तो चुकीचा आहे का? ॲम्बिशस म्हणजे तेच का? आणि मी स्वतःबद्दल लिहायचं तरी काय?

(मी संध्याकाळी एका क्लासमध्ये आठवी-नववीला गणित शिकवते आणि सराव परीक्षांचे पेपर तपासते. प्री दोनदा निघाली, मेन्स एकदा दिली आहे. पण त्याचा इथे काही संबंध नाही.)

— एक ॲस्पिरंट, पुणे

•

‘बाई’ म्हणून हाक मारलीस, तेव्हा एकेरीतच लिहिते.

त्या सरांना आधी बाजूला ठेवू. ज्याला इंग्रजी खरोखर येतं, तो अर्ज वाचताना हसत नाही, मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे वाचतो. मी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली काही वर्षं मीही हसायचे; म्हणून ठाऊक आहे. पण तुझ्या वाक्यात दोन चुका आहेत हेही खरं, त्यांच्याकडे येतेच. आधी शब्द.

मूळ लॅटिन आहे. ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणे, फुंकणे. त्याला ‘कडे’ या अर्थाचा उपसर्ग लागून ‘आस्पिरारे’ झालं : एखाद्या गोष्टीच्या दिशेने श्वास सोडणे. पुढे त्याचाच अर्थ तिथवर पोचायची धडपड करणे असा झाला. इन्स्पायर, एक्स्पायर, परस्पायर, कॉन्स्पायर ही सगळी याच घरातली भावंडं. आत फुंकर घातली की स्फूर्ती, शेवटचा श्वास सोडला की एक्स्पायर, कातडीतून बाहेर पडला की घाम, आणि चौघांनी एकत्र बसून घेतला की कट.

हा श्वास शब्दातून अजून पुरता गेलेला नाही. माझ्या नणंदेच्या गळ्याला गाठ आली होती. तिच्या रिपोर्टवर ‘नीडल ॲस्पिरेशन’ वाचून भाच्याने मला फोन केला, ‘मामी, सुईला कसली आली आहे आकांक्षा?’ तिथे अर्थ एवढाच, की सुईने गाठीतल्या पेशी ओढून घेतल्या. गाड्यांच्या जाहिरातीत ‘नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिन’ असतं. म्हणजे टर्बो नाही, बाहेरची हवा आपल्या आपण आत ओढून घेणारं. फ्रेंचमध्ये तर घरात झाडलोट करायच्या व्हॅक्यूम क्लीनरचं नावच या शब्दावरून पडलेलं आहे. आणि भाषाशास्त्रात ॲस्पिरेशन म्हणजे आपलं महाप्राण. तोंडासमोर तळहात धर, एकदा ‘कार’ म्हण, मग ‘खार’ म्हण. दुसऱ्या वेळी हाताला जी हवा लागली ती.

मराठीत ध्यास आणि श्वास यांचं यमक कवींनी जुळवून जुळवून झिजवलं, पण व्युत्पत्तीने त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मला गंमत वाटते ती दुसऱ्याच एका शब्दाची. संस्कृतात ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे. त्याला ‘आ’ हा उपसर्ग लावला, म्हणजे लॅटिनमध्ये केली तशीच जुळणी केली, तर काय मिळतं? आश्वासन! एकाच पद्धतीने बांधलेले दोन शब्द. तिकडे तो श्वास धडपड करणाऱ्याचा झाला. इकडे आधी तो जिवात जीव येण्याचा, धीर देण्याचा होता, आणि आता निवडणुकीच्या सभेत माईकवर सोडायचा झाला आहे. तुम्हा परीक्षा देणाऱ्यांच्या वाट्याला दोन्ही आले : श्वास तुमचा आणि भरतीच्या जाहिरातीचं आश्वासन सरकारचं.

असो. तर ॲस्पायर या क्रियापदात मुळापासून एक दिशा आहे. कशाकडे, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. ॲस्पिरंट हे नामही तसंच. जुन्या इंग्रजीत ‘ॲस्पिरंट टु द थ्रोन’ म्हणजे गादीवर डोळा असलेला, असा प्रयोग सापडतो. नायजेरियाच्या राजकारणात या शब्दाला नेमकी जागा आहे : पक्षाचं तिकीट मिळवायच्या खटपटीत असलेला तो ॲस्पिरंट, आणि तिकीट मिळालं की तो कँडिडेट. तिथल्या निवडणूक कायद्यातही हा शब्द आहे. आपल्याकडे वर्तमानपत्रं हाच फरक ‘इच्छुक’ आणि ‘उमेदवार’ या शब्दांनी करतात. चौकातल्या फलकावरचा ‘भावी नगरसेवक’ हा या अर्थाने अस्सल ॲस्पिरंट.

भारतीय इंग्रजीत मात्र शब्द आखडला आहे. नुसतं ‘ॲस्पिरंट’ म्हटलं की स्पर्धा परीक्षा देणारा, हे आपण गृहीत धरतो. ‘यूपीएससी ॲस्पिरंट’ असं परीक्षेचं नाव पुढे जोडणं ही आपली घडण. ती चूक नाही. भाषा अशाच वळणं घेतात, आणि दिल्लीपासून पुण्यापर्यंत सगळ्यांना ती कळते. पण लंडनच्या माणसाला ‘शी इज ॲन ॲस्पिरंट’ एवढंच सांगितलंस तर तो वाट बघत राहील, पुढे काय म्हणून. थोडक्यात, हसावं असं या शब्दात काही नाही. (उच्चाराचं म्हणशील तर पहिल्या अक्षरावर जोर देऊन ॲस्पिरंट म्हण, ‘अस्पायरंट’ही कोशात चालतं. त्यावरून कुणी टोकलं तर मनावर घेऊ नकोस.)

आता तुझं वाक्य. ‘आय ॲम ... सिन्स २०२१’ ही चूक इंग्रजीतली नाही, ती मराठीतून आलेली आहे. आपण ‘मी २०२१पासून पुण्यात आहे’ म्हणतो, वर्तमानकाळात, आणि ते अगदी बरोबर असतं. इंग्रजीला तिथे ‘हॅव बीन’ लागतं, कारण काल सुरू झालेली आणि आजही चालू असलेली गोष्ट ती भाषा वेगळ्या खणात ठेवते. दुसरं, ‘ॲस्पायर फॉर’. इथेही मराठीच बोलते आहे : ‘अधिकारी होण्यासाठी’. ‘साठी’ दिसला की आपला हात ‘फॉर’कडे जातो. पण ॲस्पायरला ‘टु’ हवा. ‘ॲस्पायर टु बी ॲन ऑफिसर’, किंवा पुढे नाम असेल तर ‘ॲस्पायर टु पब्लिक ऑफिस’. नामाच्या बाबतीत मात्र ‘ॲस्पिरेशन्स फॉर’ चालतं, आई-वडिलांच्या मुलांबद्दल असतात तशी. आणि विशेषण लागलं तर ‘ॲस्पायरिंग’ : ॲस्पायरिंग रायटर, ॲस्पायरिंग सिंगर. यासाठी मराठीत मला ‘होतकरू’ हा शब्द फार आवडतो. त्यात नुसती इच्छा नाही, ‘होणं’ आहे. पाहणाऱ्याला अंकुर दिसतो आहे. वाईट एवढंच, की शिष्यवृत्तीच्या जाहिरातींनी त्याला कायमचं ‘गरीब’ या शब्दाच्या दावणीला बांधून टाकलं. श्रीमंताघरचं पोर होतकरू असल्याचं मी कधी छापून आलेलं वाचलं नाही. आणि ज्याच्यात अंकुर दिसत नाही, नुसती घाईच दिसते, त्याच्यासाठी आपल्याकडे कोशात शोधायची गरजच नाही : गुडघ्याला बाशिंग.

व्याकरण झालं. पण तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला वाटलं, तुझी खरी अडचण ‘फॉर’ आणि ‘टु’ची नाहीच.

एक हिशेब सांगते. २०२३च्या नागरी सेवा परीक्षेला, म्हणजे यूपीएससीला, १०,१६,८५० जणांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १४,६२४, मुलाखतीला गेले २,८५५, आणि शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. आयोगानेच जाहीर केलेले आकडे आहेत. यात सव्वाचार लाख माणसं अशी, की ज्यांनी फॉर्म भरला आणि परीक्षेला गेलीच नाहीत. तीही ॲस्पिरंटच! सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरून रात्री मेसचा डबा गार झाल्यावर खाणारीही ॲस्पिरंट, आणि घरच्यांनी मागे लागून फॉर्म भरायला लावला म्हणून भरून मोकळा झालेलाही ॲस्पिरंट. हा शब्द माणसाला काय हवं आहे ते सांगतो. त्याने काय केलं, याबद्दल अवाक्षर काढत नाही. तू प्री दोनदा काढलीस, मेन्स दिलीस, आणि अर्जात स्वतःला असा शब्द लावलास, जो फॉर्म भरून घरी बसलेल्यालाही तेवढाच लागू पडतो. नुकसान झालं ते इथे.

तुझ्या परीक्षेची जाहिरात काढून बघ. एमपीएससी तुला ॲस्पिरंट म्हणत नाही. पानापानावर ‘उमेदवार’ आहे, आणि यूपीएससीच्या इंग्रजी जाहिरातीत ‘कँडिडेट’. कँडिडेट हाही लॅटिनच : रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस खडूने पांढराशुभ्र केलेला झगा घालून हिंडायचा, म्हणून कँडिडाटस, पांढऱ्या वस्त्रातला. आपल्या पुढाऱ्यांच्या कडक इस्त्रीला केवढी जुनी परंपरा आहे, बघ. ‘उमेदवार’ फारसीतून आला, उमेद असलेला. पण मराठीने त्याला एक जास्तीचा अर्थ दिला. माझे वडील सोळाव्या वर्षी एका छापखान्यात लागले, ते पगारावर नव्हे. दीड वर्ष त्यांनी ‘उमेदवारी केली’. सकाळी फरशी झाडायची, छापून झालेला मजकूर सोडवायचा आणि एकेक खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, परत त्याच्या खणात टाकायचा. ‘भ’च्या खणात ‘म’ गेला की मालक बोटांवर पट्टी मारायचे. दीड वर्षाने त्यांना पहिलं पान जुळवायला मिळालं. पण या काळाबद्दल विचारलं तर ते ‘मी तेव्हा खिळेजुळारी व्हायची इच्छा बाळगून होतो’ असं कधीच म्हणाले नाहीत. ‘उमेदवारी करत होतो’ म्हणायचे. करत होतो. उमेद हे मराठीत करायचं काम होतं, ते मला त्यांच्याकडून कळलं. वकिलाकडे, वैद्याकडे, सोनाराकडे अशीच उमेदवारी चालायची.

म्हणून मामाच्या बायोडाट्यातली खोट इंग्रजी शब्दाची नाही, रकान्याची आहे. ‘व्यवसाय’ म्हणजे माणूस काय करतो. तिथे माणसाला काय व्हायचं आहे ते लिहिलं गेलं. समोरच्यांनी ‘कुठल्या खात्यात’ विचारलं ते बरोबरच विचारलं की! रकाना वाचून मुलगी कुठेतरी लागलेली आहे असंच वाटणार. मामाच्या मनातही कदाचित तेच वाटावं असं असेल. मामा लोक असं करतात, प्रेमापोटी.

आता मावशी. ॲम्बिशन आणि ॲस्पिरेशन जवळचे आहेत, पण जुळे नाहीत. ॲम्बिशनच्या मुळाशी श्वास नाही, पायपीट आहे : ‘अंबिरे’ म्हणजे फेऱ्या मारणे. रोममधले ते पांढऱ्या झग्यातले उमेदवार मतं मागत गावभर फिरायचे, ते ‘अंबिटिओ’. त्याचंच सख्खं भावंड ‘अंबिटस’ हे निवडणुकीतल्या लाचखोरीच्या गुन्ह्याचं नाव होतं. तेव्हा या शब्दाला सत्तेचा, मानमरातबाचा वास जन्मापासून आहे, आणि इंग्रजीत तो अजूनही दोन्हीकडे झुकतो. ‘शी इज ॲम्बिशस’ हे कौतुकही असतं आणि टोमणाही. कोणता ते बोलणाऱ्याच्या भुवईवरून ठरतं. ॲस्पायरला हा डाग सहसा लागत नाही. त्याला उंचीकडे बघण्याचा भाव आहे. मराठीत ‘महत्त्वाकांक्षी’ मुलाबद्दल वापरला की गुण आणि मुलीबद्दल वापरला की इशारा, हे मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकलेलं आहे. तुझ्या मावशीला शब्द माहीत नाही असं नव्हे. तिला तो चांगला माहीत आहे. ‘मुलगी अजून लग्नाला हो म्हणत नाही’ हे चारचौघांत म्हणायची चोरी, म्हणून तिने इंग्रजी आडोसा घेतला. त्याची दुरुस्ती शब्दकोशातून व्हायची नाही. पुढच्या वेळी तिला सरळ विचार, ‘मावशी, म्हणजे काय गं?’

तू धाराशिवची म्हणून आणखी एक. केंद्र सरकारने जानेवारी २०१८मध्ये देशातले मागे राहिलेले जिल्हे निवडून एक कार्यक्रम सुरू केला, इंग्रजीत ‘ॲस्पिरेशनल डिस्ट्रिक्ट्स’. असे ११२ जिल्हे, त्यांत महाराष्ट्रातले चार : गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि तुझा. ‘मागास’ हा शब्द टाळायचा म्हणून हा घेतला. हेतू चांगला. पण मराठी कागदांत त्याचं ‘आकांक्षित जिल्हे’ झालं. आता ‘वांछित’ म्हणजे ज्याची वांछा केली ते, ‘अपेक्षित’ म्हणजे ज्याची अपेक्षा केली ते; तसं ‘आकांक्षित’ म्हणजे ज्याची आकांक्षा कुणीतरी धरली आहे ते. ज्याला स्वतःला आकांक्षा आहे तो ‘आकांक्षी’. म्हणजे एका ‘त’ने तुझा जिल्हा इच्छा करणारा होता तो सगळ्यांना हवाहवासा करून टाकला. बदली तिकडे झाली की अधिकारी किती आनंदतात, ते तू पोस्ट निघाल्यावर मला कळव.

जाहिरातवाल्यांचा ‘ॲस्पिरेशनल’ तिसराच. महागडं घड्याळ, परदेशी सहल : आज परवडत नाही, पण परवडावं असं वाटायला लावणारं. तो तुझ्या कामाचा नाही, सोडून दे.

लिहायचं काय, ते सांगते. पत्राच्या शेवटी तू कंसात जे टाकलंस आणि वर ‘त्याचा इथे काही संबंध नाही’ म्हणालीस, तेच लिहायचं. चार वर्षांत तुझ्या खोलीत, तुझ्या अभ्यासिकेत कुणी कुणाला ‘तू काय करतेस’ विचारलंच नसेल, ‘किती प्री निघाल्या’ विचारलं असेल. त्यामुळे पोटापाण्याचं काम हे सांगायचं काम राहिलेलं नाही तुमच्यात. पण कंसाबाहेरच्या जगात ते सगळ्यात आधी येतं. बायोडाट्यात व्यवसायापुढे लिही : ‘खासगी क्लासमध्ये गणित अध्यापन, सराव उत्तरपत्रिकांची तपासणी.’ त्याखाली वेगळी ओळ : ‘राज्यसेवेची तयारी सुरू, मुख्य परीक्षा एकदा दिली.’ ‘सुरू’ हा शब्द नक्की ठेव. स्थळाला तो पटत नसेल तर फोनवरच कळेल, पोहे करायचे वाचतील.

आणि संस्थेच्या अर्जात असं : ‘आय टीच मॅथमॅटिक्स टु क्लासेस एट अँड नाइन अँड इव्हॅल्युएट प्रॅक्टिस पेपर्स. आय हॅव बीन प्रिपेअरिंग फॉर द महाराष्ट्र स्टेट सर्व्हिसेस एक्झामिनेशन सिन्स २०२१ अँड हॅव क्वालिफाइड फॉर द मेन एक्झामिनेशन ट्वाइस.’ ॲस्पायर हवाच असेल तर तिसऱ्या वाक्यात, आणि दिशेसकट : ‘आय ॲस्पायर टु वर्क इन पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन.’ पण संस्थेला तू दोन वर्षांत सोडून जाशील का, हा प्रश्न त्यानंतर येणारच; त्याचं खरं उत्तर आधी स्वतःशी ठरव आणि मगच ते वाक्य ठेव किंवा काढ. ‘आई म्हणते आता बास’ असं तू पत्रात लिहिलेलं नाहीस, मीही विचारत नाही.

अर्ज दुसरीकडे पाठवण्याआधी स्पेलिंग एकदा बघून घे. तू जोडलेल्या प्रतीत ॲस्पिरंटला दोन एस पडलेत. एकच हवा.